उलगडा आणि किल्ली

पाठचिकित्सा शिकविताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो, आणि ती गृहीत धरली आहे हे विद्यार्थ्यांना बहुधा सांगतही नाही. ती अशी की, हस्तलिखित हाती आले म्हणजे ते केव्हा ना केव्हा वाचता येईल. पान कसरीने खाल्लेले असेल, शाई उडालेली असेल, नकलाकाराने मधली ओळ गाळली असेल, लिपीच विस्मृतीत गेली असेल. तरी परिश्रम, कालावधी आणि थोडे दैव यांची जोड मिळाली की अडलेले अक्षर सुटते, असे आपण मानून चालतो. हा जितका शास्त्राचा तितकाच श्रद्धेचा भाग आहे. अभ्यागत प्राध्यापक म्हणून चेन्नईत राहत असताना माझी ही श्रद्धा एका बंद पडलेल्या लॅपटॉपपुढे येऊन थबकली. साहित्याच्या अभ्यासिकेने यंत्रदुरुस्तीविषयी लिहावे हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु आज ज्यांचे लेखन आपण वाचतो त्यांचे कागद उद्या याच स्वरूपात आपल्या हाती येणार आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ कारागिराचा राहिलेला नाही.

लॅपटॉप माझा नव्हे. चेन्नईच्या वेळचेरी भागात राहणाऱ्या एका वयोवृद्ध स्नेह्यांचा तो होता. हे गृहस्थ तंजावरी मराठी कुटुंबातले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापन केले आणि १८५५ साली शेवटचे शिवाजीराजे निपुत्रिक वारल्यावर ते खालसा झाले, एवढा इतिहास सर्वांना ठाऊक असतो. राज्य गेल्यावर मागे राहिलेल्या माणसांच्या भाषेचे काय झाले, याची मात्र महाराष्ट्रात फारशी कोणी चौकशी करीत नाही. ती भाषा घरात बोलली जाते. लिहिण्याचा प्रसंग आला की हात तमिळकडे किंवा इंग्रजीकडे वळतो. आमच्या स्नेह्यांनी निवृत्तीनंतर दोन कामे अंगावर घेतली होती. एक, तंजावरच्या सरस्वती महालातील मोडी कागदांपैकी जे पाहावयास मिळत त्यांचे देवनागरीत लिप्यंतर करणे. दुसरे, मैलापूर, ट्रिप्लिकेन, कुंभकोणम आणि तंजावर येथील मराठी घरांतल्या वृद्ध स्त्रियांकडून गाणी, कहाण्या, पाककृती आणि घरगुती आठवणी ध्वनिमुद्रित करून घेणे. पहिल्या कामाविषयी ते अभिमानाने बोलत. दुसऱ्याविषयी काहीशा संकोचाने, जणू तो रिकाम्या वेळचा उद्योग होता. माझ्या मते दुसरेच काम अधिक मोलाचे होते.

२०२३ च्या ऑक्टोबरात ते वारले. त्याच वर्षी डिसेंबरच्या ३ आणि ४ तारखांना मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नईचा दक्षिण भाग पाण्याखाली गेला, आणि वेळचेरीत तळमजल्यावरील त्यांच्या घरात पाणी शिरले. लॅपटॉप कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता. मी २०२४ च्या जूनमध्ये काकूंना भेटावयास गेले तेव्हा तो एका जुन्या सुती साडीत गुंडाळून देवघराजवळ ठेवलेला होता. काकूंनी तो माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, “ह्यांचं सगळं ह्यातच आहे. तुम्ही प्रोफेसर आहात, तुम्हाला काढता येईल.” तुलनात्मक साहित्यातील डॉक्टरेटचा असा उपयोग आजवर कोणी सुचविला नव्हता.

अण्णा सालैपासून चार पावलांवर असलेली रिची स्ट्रीट ही चेन्नईची विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानाची पेठ. अरुंद गल्ल्या, एकावर एक रचलेली दुकाने, वायरींची भेंडोळी, आणि जिन्याखालच्या हातभर जागेत सूक्ष्मदर्शक मांडून बसलेले कारागीर. तिथल्या दोन-तीन दुकानांनी लॅपटॉप हाती घेऊन पाहिला आणि परत केला. चौथ्या ठिकाणी एक तिशीतला तरुण भेटला. त्याने प्रथम एकच गोष्ट विचारली: “मॅडम, मशीन हवं की आतला डेटा हवा?” डेटा, असे मी म्हणताच त्याचा चेहरा पडला. मशीन म्हणाला असता तर बोर्ड बदलून दिला असता.

त्याचे तसे का झाले हे समजावयास मला काही आठवडे लागले. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकात मजकूर एका स्वतंत्र डबीत, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये, राहत असे. संगणक जळाला तरी चार स्क्रू काढून ती डबी दुसऱ्या संगणकाला जोडता येई. नंतर यंत्रे पातळ होत गेली. साठवणीच्या चिपा मुख्य बोर्डावरच सोल्डर होऊ लागल्या, आपल्या जुन्या शब्दात सांगायचे तर त्यांना डाख देऊन कायमचे बसविले जाऊ लागले. तरीही निष्णात कारागीर उष्ण हवेने चिप उचकटून तिच्यातील नोंदी वाचू शकला असता. परंतु त्याच सुमारास दुसरा बदल झाला. चिपेवर लिहिला जाणारा प्रत्येक शब्द आपोआप कूटबद्ध होऊ लागला, आणि त्याची किल्ली बोर्डावरील वेगळ्या सुरक्षा-चिपेत किंवा थेट प्रोसेसरच्या पोटात ठेवली जाऊ लागली. ॲपलने २०१७-१८ पासून आपल्या मॅक संगणकांत टी-२ नावाची अशी चिप बसविली आणि २०२० पासून ते काम स्वतःच्या प्रोसेसरकडेच सोपविले. इतर कंपन्यांच्या यंत्रांत टीपीएम नावाची चिप याच जातीचे काम करते. यांतल्या काही रचनांत किल्लीचा मूळ अंश कारखान्यातच सिलिकॉनमध्ये कोरला जातो आणि तो बाहेर वाचून दाखविण्याची सोयच ठेवलेली नसते.

याचा व्यवहारातील अर्थ असा की मजकुराची चिप सहीसलामत असूनही एकटी निरुपयोगी आहे. ती आपल्या मूळ बोर्डावर, मूळ सोबत्यांसह जिवंत असेल तरच बोलते. तेव्हा या तरुणाला डेटा “काढावयाचा” नव्हता; मेलेल्या बोर्डाला थोड्या वेळापुरते उठवून बसवावयाचे होते. त्याने बोर्ड सोडवला, ध्वनिलहरींच्या द्रावणात धुतला, वीजपुरवठ्याच्या बारीक वाटांवर थोडी वीज सोडली आणि वरून स्पिरिट ओतले. स्पिरिट जिथे सर्वांत आधी उडून जाते तिथे उष्णता आहे, म्हणजे तिथे शॉर्ट आहे. तांदळाच्या कणीहून लहान असा एक कपॅसिटर त्याला सापडला; तो त्याने काढला. मग गंजलेल्या जागा खरवडून केसाएवढ्या तारेने दोन तुटलेल्या वाटा जोडल्या. हे सर्व मी शेजारच्या स्टुलावर बसून पाहिले. जीर्ण पोथीचे पान सोडविणाऱ्या ग्रंथपालाच्या हाताला जी स्थिरता लागते तीच इथे होती, आणि बोटांइतकाच श्वासही आवरावा लागत होता.

सहाव्या फेरीला, ऑगस्टच्या एका दुपारी, पडदा उजळला. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एक विनंती होती: ४८ अंकी पुनःप्राप्ती-संख्या लिहा. दुरुस्तीच्या खटाटोपात बोर्डाची अंतर्गत स्थिती बदलली होती, त्यामुळे सुरक्षा-चिपेने नेहमीचा दरवाजा बंद करून मागचा दरवाजा दाखविला होता. काकूंना अशी काही संख्या असते हेच ठाऊक नव्हते. आमच्या स्नेह्यांना तरी ते होते की नाही, कोण जाणे, कारण पुष्कळ यंत्रांत हे कुलूप मालकाने न मागताच लागलेले असते. संख्येची एक प्रत मालकाच्या ऑनलाइन खात्यात असण्याचा संभव असतो. त्या खात्यात शिरावयाचे तर संकेतांक त्यांच्या मोबाईलवर जाणार, आणि तो क्रमांक मुलाने वडिलांच्या निधनानंतर रीतीप्रमाणे बंद करून टाकलेला. आम्ही घरातल्या वह्या, बँकेची पुस्तके, विजेची बिले, पंचांगाचे समास, सगळे पाहिले. ४८ अंक कुठेही नव्हते.

या संख्येविषयी एक तपशील सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण व्याकरणाच्या माणसाला तो आवडेल. तिचे सहा-सहा अंकांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. लिहिताना हात चुकला तर ओळखू यावे एवढ्यासाठी ही योजना. हे कळल्यावर मला क्षणभर हुरूप आला. नियम आहे म्हणजे वाट आहे, असे आपले मन शिकलेले असते. परंतु तो नियम जमेस धरूनही ज्या संख्या उरतात त्यांची मोजदाद साधारणतः ३४ या आकड्यापुढे ३७ शून्ये एवढी होते. त्या तरुणाने माझे गणित ऐकून घेतले आणि चहा मागविला.

इथे मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एका प्रकरणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. मराठीतील आद्य गद्य, म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ आणि त्याभोवतीचे महानुभावीय ग्रंथ, शतकानुशतके कुलुपात होते. पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. छळाचे भय, अनधिकारी वाचकाचे भय, पावित्र्याची कल्पना, अशी त्याची कारणे अभ्यासकांनी दिली आहेत आणि ती सर्वच थोडीफार खरी असावीत. परिणाम असा झाला की ज्यांच्या मठांत ही गाठोडी होती त्यांच्याबाहेर उरलेल्या महाराष्ट्राला आपल्या गद्याचा उगम ठाऊकच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, वि. ल. भावे यांनी या वाङ्मयाला मराठीच्या इतिहासात जागा दिली, आणि पुढे संपादनाची जी परंपरा चालली तिच्यातून १९७८ साली वि. भि. कोलते यांची ‘लीळाचरित्रा’ची प्रत आपल्या हाती आली.

पण राजवाड्यांना ते शक्य का झाले? सकळ लिपी मूलतः अक्षरांच्या अदलाबदलीची आहे. एका अक्षराच्या जागी दुसरे येते खरे, परंतु ते प्रत्येक वेळी येते. त्यामुळे भाषेची चाल बुजत नाही. वारंवार येणारे अक्षर वारंवारच येते, प्रत्यय शब्दाच्या शेवटीच राहतो. अल्‌-किंदीने नवव्या शतकात अरबीत हेच तत्त्व मांडले होते की, गुप्त लेखनातील खुणांची वारंवारता मोजा, भाषा स्वतःच फितूर होईल. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी वाचली तीही सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच ती अक्षरे येतात हे पाहून; दानलेखात शेवटी काय येणार, ‘दानं’ येणार. पुनरुक्ती हा शैलीचा दोष मानला जातो, पण लिपीशास्त्राचे सारे वैभव तिच्यावर उभे आहे. आधुनिक कूटलेखनाने नेमकी तीच काढून घेतली आहे. त्या चिपेवर ‘आजी’ हा शब्द शंभर ठिकाणी असेल तर त्याची शंभर वेगळी रूपे असतील, आणि सर्व मिळून जे दिसेल ते निव्वळ गोंगाटाहून वेगळे ओळखता येणार नाही. तिथे भाषेची चालच शिल्लक नाही.

चेन्नईत हा विचार करताना इरावतम महादेवन यांचे स्मरण होते. सिंधु-लेखांची त्यांची शब्दसूची १९७७ साली प्रसिद्ध झाली. २०१८ साली ते गेले. तरमणीच्या रोजा मुत्तय्या संशोधन ग्रंथालयातील सिंधु संशोधन केंद्र त्यांच्याच प्रेरणेने उभे राहिले. सिंधु-लिपी आजही सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही आणि ती वाचणाऱ्यास दहा लाख डॉलर देण्याची घोषणा तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी २०२५ च्या जानेवारीत केली. म्हणजे चार हजार वर्षांनंतरही त्या खुणांविषयी आशा बाळगता येते. चिन्हे दिसतात, मोजता येतात, त्यांची सूची होते, वाद होतात. वेळचेरीच्या पाच-सहा वर्षे जुन्या लॅपटॉपविषयी असा एकही वाद संभवत नाही. लिपीचा उलगडा हा विद्येचा विषय होता. किल्ली हा मालकीचा विषय आहे, आणि मालक गेला की प्रश्नच मिटतो.

मोडीचे उदाहरण आणखी जवळचे. मोडी कधीच गुप्त लिपी नव्हती, ती लगबगीची लिपी होती. शाळांतून ती गेल्यावर दोन पिढ्यांत ती बहुसंख्यांना गुप्त झाली. तरी तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने तिथल्या मोडी कागदांचे तमिळ अनुवाद ग्रंथरूपाने आणले, कारण मोडीची किल्ली शिकविता येते. सहा महिने बसले तर कोणालाही वाचता येऊ लागते. २०१४ साली तिला युनिकोडमध्येही जागा मिळाली. सकळ लिपीची किल्ली एका पंथाकडे होती, तीही शिकविता येत होती, गुरूकडून शिष्याकडे जात होती. या ४८ अंकांना शिष्य नाही.

याचा अर्थ कुलूप वाईट असा कोणी घेऊ नये. आमचे स्नेही मला एकदा म्हणाले होते की, कुंभकोणमच्या एका आजींनी गाणी सांगता सांगता सासरची एक गोष्ट सांगितली आणि मागाहून हात धरून म्हणाल्या, हे आमच्या घरात कोणाला ऐकवू नकोस. ती गोष्ट आता कोणीही ऐकू शकणार नाही. त्या यंत्राने आपल्या मालकाचे वचन पाळले, असे म्हणावे लागते. चोराच्या हाती लॅपटॉप पडला असता तर याच कुलुपाचे आपण गुणगान केले असते. म्हाइंभटांच्या वारसांनाही कोणी मूर्ख ठरविलेले नाही. अडचण कुलुपाची नसून त्याला वारसा नसल्याची आहे. २०१० साली अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने सलमान रश्दी यांचे कागद अभ्यासकांना खुले केले तेव्हा त्यांत त्यांचे जुने मॅकिंतोश संगणकही होते, आणि त्यांतील एकाचे अंतरंग जसेच्या तसे पडद्यावर उभे करून दाखविण्याची व्यवस्था ग्रंथालयाने केली. त्यातील कौशल्य मोठेच. परंतु ती यंत्रे कुलुपाच्या आधीच्या काळातली होती, आणि लेखक हयात होता. आपल्याकडील ग्रंथालये अजूनही लेखकाच्या घरून कागदांची खोकी उचलतात, लॅपटॉप मुलगा वापरीत असतो. दानपत्राच्या नमुन्यात पुनःप्राप्ती-संख्येसाठी एक रकाना असावा, ही सूचना मी एका बैठकीत मांडली. तिची नोंद घेण्यात आली. नोंद घेण्याचा अर्थ विद्यापीठात राहिलेल्यांना सांगावयास नको.

शेवटी हाती काय उरले, ते सांगते. २०१९ पर्यंतचा काही भाग एका पेन ड्राइव्हवर निघाला. त्यात बहुतेक मोडीचे लिप्यंतर आहे, ध्वनिमुद्रणे फक्त नऊ. पुढचे लिप्यंतर गेले तरी मूळ कागद तंजावरात आहेत. चार-पाच वर्षांचे श्रम पुन्हा करावे लागतील, एवढेच. एवढेच म्हणताना आवंढा गिळावा लागतो, पण ते करता येण्यासारखे आहे. आवाजांचे तसे नाही. ज्यांचे मुद्रण २०१९ नंतर झाले त्यांपैकी किती जणी हयात आहेत, याची काकूंसोबत बसून मी यादी केली. यादी लहान निघाली.

परंपरा सांगते की म्हाइंभटांची मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभी, उत्तरेच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि मग पंथातील जाणत्यांनी आपापल्या स्मरणातून ‘लीळाचरित्र’ पुन्हा जुळविले. हिराइसा यांच्या पाठांतराची ख्याती त्याच संदर्भात सांगितली जाते. आज ज्या पाठभेदांवर आपण प्रबंध लिहितो त्यांपैकी कित्येकांचा जन्म त्या आठवण्यात झाला. किल्ली नसल्यावर माझ्यापुढे हीच एक पद्धत होती.

म्हणून मी गेल्या हिवाळ्यापासून रविवारी काकूंना घेऊन त्या त्या घरी जाते आणि लेकी-नातींना विचारते, आजींनी काय सांगितले होते, तेव्हा तुम्ही खोलीत होतात का? पुष्कळशा नव्हत्या. काही होत्या. एका घरी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकलेले अर्धे गाणे एका सुनेला आठवते. अर्धेच, कारण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली होती. मैलापूरला दोघी बहिणी आहेत, एक सत्तरीची, एक पासष्टीची. आईच्या तोंडचे मंगळागौरीचे गाणे दोघींना येते, पण तिसऱ्या कडव्यात थोरली माहेराचे नाव तंजावर घेते आणि धाकटी सातारा घेते. दोघीही मागे हटावयास तयार नाहीत; धाकटी म्हणाली, अक्काला लहानपणापासून चुकीचंच येतं. मी दोन्ही पाठ लिहून घेतले आहेत, थोरलीचा वर, धाकटीचा समासात. लॅपटॉप काकूंनी त्याच साडीत परत गुंडाळून ठेवला. त्या तरुणाने बोर्डावरची कोणतीही चिप बदलू नका असे बजावले आहे, आणि कपॅसिटरचे पैसे घेतले नाहीत.